खरबुजाचं मोठं खटलं

समजा, तुमच्यासमोर एका टेबलावर आठ फळं मांडून ठेवली आहेत. जाळीदार सालीचं, आतून केशरी असं बाजारात नेहमी मिळणारं खरबूज. गुळगुळीत, फिकट रंगाचं हनीड्यू. लखनौचं सफेदा. दिल्लीच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात मीठ-मसाला लावून विकतात ती हातभर लांब, सडपातळ ककडी. आंध्र-तेलंगणात डाळीत घालतात ती पिवळीधमक दोसकाया. मंगळुरूकडच्या सांबारातली पट्ट्यापट्ट्यांची सौतेकायी. गणपतीच्या दिवसांत कोकण-गोव्यात पिकणारं चिबूड. आणि राजस्थानात वाळवून ठेवतात ती लिंबाएवढी आंबट कचरी.

आता सांगा, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या आठ फळांत जाती किती?

उत्तर आहे, फक्त एक. ही सगळी एकाच जातीची फळं आहेत आणि त्या जातीचं शास्त्रीय नाव आहे कुकुमिस मेलो. एक गोड, एक आंबट, एक फिकं. एक कच्चं खायचं, एक शिजवायचं, एक वाळवायचं. तरी घराणं एकच. मराठीत अशा मोठ्या कुटुंबाला आपण ‘खटलं’ म्हणतो. खरबुजाचं खटलं भलतंच मोठं आहे आणि त्यातली निम्मी मंडळी आपल्याच देशातली आहेत. या खटल्यातल्या साध्यासुध्या, गोड नसलेल्या भावंडांनीच एकदा गोड खरबुजाचा जीव वाचवला होता. ती गोष्ट पुढे येईलच. आधी कुटुंबाची ओळख करून घेऊ.

सख्खे कोण, चुलत कोण

शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर. खरबुजाचं आडनाव कुकुमिस. आपण कोशिंबिरीला वापरतो त्या काकडीचं आडनावही तेच. तिचं पूर्ण नाव कुकुमिस सटायव्हस. म्हणजे काकडी ही खरबुजाची चुलत बहीण. कलिंगड मात्र दूरचं; त्याचं आडनावच वेगळं, सिट्रुलस. भोपळा, दोडका, कारलं हीसुद्धा याच मोठ्या वेलवर्गीय कुळातली, पण आणखी लांबची.

हे नातं पेशींतल्या गुणसूत्रांवरूनही कळतं. खरबुजात २४ गुणसूत्रं असतात, काकडीत १४ आणि कलिंगडात २२. त्यामुळे खरबूज आणि काकडी शेजारी लावली, तरी त्यांचा संकर होत नाही. दिल्लीच्या ककडीचा आणि खरबुजाचा मात्र सहज होतो, कारण ती दिसायला काकडीसारखी असली तरी आहे खरबुजाचीच सख्खी बहीण. नोकरीनिमित्त उत्तरेत गेलेल्या मराठी माणसाने भाजीवाल्याकडे ‘काकडी’ मागितली की हातात ककडी पडते. आपल्याला हवी असते ती काकडी तिकडे ‘खीरा’ या नावाने मिळते. हा घोटाळा भाषेचा आहेच, पण त्यामागे दोन वेगळ्या जाती आहेत.

नावांचे घोटाळे घरातही कमी नाहीत. खानदेश-विदर्भाकडे खरबुजाला ‘डांगर’ म्हणतात. हाच शब्द दुसऱ्या जिल्ह्यात तांबड्या भोपळ्यासाठी वापरतात. गुजरातच्या जवळ गेलात की तेच फळ ‘शकरटेटी’ होतं. पिकल्यावर आपोआप तडकणाऱ्या प्रकाराला हिंदीत ‘फूट’ म्हणतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर उगवणारं शेंदाडही याच गोतातलं. बाहेरून टणक दिसणारं, पण पिकलं की भसकन फुटणारं हे फळ. नुसत्या बाता मारणाऱ्या आणि वेळ आली की पळ काढणाऱ्या माणसाला ‘शेंदाडशिपाई’ म्हणतात, ते याच फळावरून.

एकदा खरबूज आणि कलिंगड दोन्ही कापून शेजारी ठेवा आणि घरातल्या मुलांना दाखवा. खरबुजाच्या बिया मधल्या पोकळीत, धाग्यांच्या जाळ्यात एकत्र असतात. कलिंगडाच्या बिया गरातच रुतलेल्या असतात. कारण असं की, खरबुजात आपण फळाची जाड भिंत खातो आणि बियांचा गाभा काढून टाकतो. कलिंगडात आपण खातो तो लाल भाग म्हणजे बिया धरून ठेवणारा गाभाच असतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन उन्हाळी फळांत आपण वेगवेगळे अवयव खातो.

ढवळ्याशेजारी पवळ्या, पण उलटा

खरबुजाच्या वेलावर पिवळी, छोटी फुलं येतात. बहुतेक गोड खरबुजांच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुलं असतात. काही नुसती नर, तर काही द्विलिंगी, म्हणजे नर आणि मादी असे दोन्ही अवयव असलेली. आधी नर फुलं येतात, तीही पुष्कळ. फळ धरणारी फुलं मागाहून आणि मोजकी येतात. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. त्याचे परागकण चिकट असल्यामुळे वाऱ्याने उडत नाहीत. म्हणून मधमाशी हवीच. एका फळात शेकडो बिया असतात आणि प्रत्येक बीसाठी एक परागकण लागतो. माश्या कमी फिरल्या तर फळ लहान राहतं किंवा एका बाजूने खुरटतं. बाजारात वाकडंतिकडं खरबूज दिसलं तर त्याचा दोष बहुतेक वेळा अर्धवट परागीभवनाचा असतो.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा. ‘खरबुजाशेजारी काकडी लावली म्हणून खरबूज फिकं निघालं,’ असं अनेक जण सांगतात. काकडीचा आणि खरबुजाचा संकर होतच नाही, हे आपण पाहिलं. पण समजा शेजारी ककडी किंवा चिबूड असलं, तर? तरीही त्या हंगामातल्या फळाची चव बदलत नाही. फळाचा गर हा आईच्या वेलाचा भाग असतो; बापाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये असतो. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,’ अशी आपली म्हण आहे. खरबुजाच्या बाबतीत ती उलटी करावी लागते. गुण लागत नाही, पण वाण मात्र लागतो. यंदाचं फळ गोडच राहतं; त्याची बी पुढच्या वर्षी पेरली की शेजाऱ्याचा वाण उगवून येतो.

मग फळ फिकं का निघतं? कारणं साधी आहेत. फळ लवकर तोडलं. पिकण्याच्या दिवसांत पाणी जास्त दिलं. रोगाने पानं वाळली. किंवा एका वेलावर फळं फार धरली. या सगळ्याचं मूळ खरबुजातली साखर कशी तयार होते, यात आहे.

गोडी शेवटच्या दिवसांत येते

केळं किंवा आंबा कच्चा तोडला तरी घरात पिकून गोड होतो, कारण त्यात साठवलेल्या पिष्टाची नंतर साखर होते. खरबुजात असा पिष्टाचा साठा नसतो. पानं साखर तयार करतात, ती देठातून फळात उतरते आणि फळ पिकायच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत गरात झपाट्याने साठत जाते. फळ देठापासून तुटलं की हा पुरवठा बंद. त्यानंतर ते मऊ होईल, त्याचा वासही वाढेल, पण ते आणखी गोड होणार नाही. व्यापारात लांबच्या प्रवासासाठी चार दिवस आधी तोडलेलं खरबूज तुमच्या घरी कितीही दिवस ठेवलं तरी फिकंच राहतं, ते यामुळे.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण ३५ ते ४५ दिवस जातात. एवढ्या काळात वेलाच्या पानांनी जी साखर कमावली, ती सगळ्या फळांत वाटली जाते. जपानच्या होक्काइदो बेटावरचे युबारी खरबुजाचे शेतकरी म्हणूनच वेलावर मोजकीच फळं ठेवतात आणि बाकीची काढून टाकतात. २०१९ मध्ये अशा दोन फळांच्या जोडीला लिलावात ५० लाख येन मिळाले. अर्थात ती हंगामाच्या पहिल्या लिलावाची हौस होती, रोजचा भाव नव्हे.

गोडी म्हणजे नुसती साखर नव्हे; आंबटपणा जाणंही तेवढंच महत्त्वाचं. जंगली खरबुजं आंबट किंवा कडू असतात. गरातला आंबटपणा ठरवणारा एक जनुक शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ओळखला. त्याच्यातल्या बदलामुळे गर आंबट राहिला नाही आणि गोड खरबुजाची वाट मोकळी झाली. केशरी रंगाचंही असंच. तो रंग गाजरातल्याच बीटा-कॅरोटिनचा. एका जनुकातल्या एका अक्षराएवढ्या बदलामुळे काही खरबुजं केशरी झाली आणि बाकीची हिरवी-पांढरी राहिली.

आणि ती सालीवरची सुंदर जाळी? ती खरं तर भरून आलेल्या जखमांची नक्षी आहे. फळ आतून वाढत राहतं, पण साल तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग सालीला बारीक भेगा पडतात आणि वेल त्या बुचासारख्या पेशींनी भरून काढतो. जाळी उठावदार असली तर फळ वेलावर नीट भरलं, असं समजायला हरकत नाही. ज्या वाणांना मुळात जाळीच नसते, त्यांना हा नियम लागू नाही.

भारतातून निघालेली वाट

खरबूज मूळचं आफ्रिकेचं, असं पूर्वी मानलं जाई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने चित्र बदललं. खरबुजाचे आणि काकडीचे अगदी जवळचे जंगली नातेवाईक आशियात आणि ऑस्ट्रेलियात सापडले. २०१९ मध्ये जगभरातल्या १,१७५ खरबुजांच्या जनुकीय संचांची तुलना झाली. त्यातून असं दिसलं की, माणसाने जंगली खरबूज तीन वेळा स्वतंत्रपणे शेतात आणलं. एकदा आफ्रिकेत आणि दोनदा भारतात.

भारतातून ही फळं पश्चिमेला आणि पूर्वेला गेली आणि जिथे पोहोचली तिथल्या माणसांनी आपल्या आवडीप्रमाणे ती निवडत नेली. चीन-जपानकडे लोणच्याची खरबुजं झाली. मध्य आशियातल्या कोरड्या, उन्हाळी हवेत मोठी, अतिशय गोड आणि हिवाळ्यापर्यंत टिकणारी खरबुजं झाली. उझबेकिस्तानात ती टांगून साठवायला खास खोल्या असतात. भारतात अफगाणिस्तानातून येणारा सर्दा हा याच परंपरेतला.

या खरबुजांचा लळा किती असावा? बाबर हिंदुस्थानात राज्य मिळवून बसला, तरी इथे चांगली खरबुजं नाहीत ही त्याची तक्रार होती. १५२९ मध्ये काबूलला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिलंय की, तिकडून आलेलं एक खरबूज कापून खाताना आपल्याला रडू आलं. त्याने आग्र्याच्या बागेत खरबुजं लावूनही पाहिली. गंमत अशी की, ज्या देशात खरबूज दोनदा माणसाळलं, तिथेच त्याला ते सापडेना. कारण इथली खरबुजं वेगळ्या कामासाठी निवडलेली होती. पावसात तगणारी, भाजीला चालणारी, लवकर येणारी.

युरोपात खरबूज पोहोचलं आणि रोमजवळच्या कांतालुपो गावावरून त्याच्या एका प्रकाराला ‘कँटलूप’ नाव पडलं. युरोपातलं खरं कँटलूप जाळीदार नसतं. अमेरिकेत मात्र जाळीदार खरबुजालाच कँटलूप म्हणतात आणि आपल्याकडच्या मॉलमध्येही तेच नाव लावतात. हनीड्यू, सर्दा यांचा गट आणखी वेगळा. त्यांना वास कमी, साल गुळगुळीत आणि टिकाऊपणा जास्त.

आणि मग भुरी आली

आता ती राहिलेली गोष्ट. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या इम्पीरियल खोऱ्यात खरबुजाची शेती जोरात होती. तिथून रेल्वेने फळं देशभर जात. त्याच दशकात तिथे भुरी रोग पसरला. पानांवर पांढरी पूड धरणारी ही बुरशी. पानं गेली की साखर गेली आणि फळं उन्हात भाजू लागली. तिथल्या गोड वाणांपैकी एकाच्याही अंगी या रोगाशी लढायची ताकद नव्हती.

ती ताकद सापडली भारतातून नेलेल्या खरबुजाच्या बियाण्यात. ते खरबूज खायला मुळीच चांगलं नव्हतं. पण त्याच्या पानांवर भुरी धरत नव्हती. शास्त्रज्ञांनी त्याचा तिथल्या गोड वाणाशी संकर केला, मग पुन्हा पुन्हा गोड वाणाशी जोडत चव परत आणली आणि रोगाशी लढायची ताकद तेवढी ठेवली. १९३६ मध्ये पीएमआर-४५ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. पीएमआर ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, ‘भुरीला दाद न देणारा’ या अर्थाची.

बुरशीही गप्प बसली नाही. दोनच वर्षांत तिचा नवा प्रकार उपटला आणि त्याने पीएमआर-४५ लाही गाठलं. शास्त्रज्ञ पुन्हा भारतीय बियाण्याकडे वळले आणि त्यातून पीएमआर-५, ६, ७ हे पुढचे वाण निघाले. त्यानंतरही हा शोध थांबला नाही. भारतातून नेलेल्या फूट प्रकारच्या एका नमुन्यात मावा किडीशी, भुरीशी आणि विषाणूजन्य रोगाशी लढणारे गुण एकत्र सापडले; जगभरचे संशोधक आजही तो वापरतात.

आता यातली सुंदर गोष्ट पाहा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा शरबती’ हा वाण तयार केला, तेव्हा आपल्या कुटाना या स्थानिक वाणाचा संकर केला तो अमेरिकेहून आणलेल्या पीएमआर-६ शी. म्हणजे इथली ताकद तिकडे गेली, गोड फळात मुरली आणि पुन्हा माहेरी आली.

यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. फळ गोड करता करता माणूस त्याच्यातलं बाकी बरंच काही गमावतो. ते गमावलेलं परत मिळतं ते फिक्या, आंबट, बेढब भावंडांकडून. पण त्यासाठी ती भावंडं जिवंत असायला हवीत.

आपल्या घरची मंडळी

आपल्या संशोधकांनी निवडलेल्या चांगल्या वाणांची यादी मोठी आहे आणि त्यातले कितीतरी थेट गावच्या वाणांतून आले. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा ‘अर्का जीत’ हा लखनौकडच्या बाटी या वाणातून निवडलेला. फळ लहान, अर्ध्या किलोच्या आतलं, पण फार गोड. त्याच संस्थेचा ‘अर्का राजहंस’ राजस्थानच्या वाणातून आला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा ‘हरा मधू’ आतून हिरवा आणि इतका गोड की पुढच्या अनेक संकरांत त्याचा वापर झाला. ‘पंजाब सुनहरी’ आणि ‘पंजाब हायब्रीड’ या दोघांच्या पालकांपैकी एक तोच. जयपूरच्या दुर्गापुऱ्याचा ‘दुर्गापुरा मधू’, आंध्रचा ‘शरबत-ए-अनार’ ही आणखी काही नावं.

दक्षिणेत केरळच्या कोडुंगल्लूरचं पोट्टुवेळ्ळरी पिकलं की फुटतं. त्याचा गर कुस्करून गूळ किंवा साखर घालून सरबत करतात आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आपलं चिबूड याच प्रकाराचं. त्याच्या फोडींवर गूळ आणि नारळाचं दूध घालून खायची पद्धत कोकण-गोव्यात आहे. चिबूड पिकतं ते भर पावसाळ्यात, जेव्हा हवेत ओल असते आणि बुरश्यांना ऊत आलेला असतो. ज्या हवेत जाळीदार खरबुजाचा वेल तग धरणार नाही, तिथे चिबुडाचा वेल मजेत पसरतो. हा गुण दिसायला साधा, पण किमतीने मोठा.

पूर्वी खरबुजाचं खरं घर म्हणजे नदीची वाळू. पावसाळा संपून पाणी ओसरलं की गंगा-यमुनेच्या, आपल्याकडे तापी-गोदावरी-भीमेच्या पात्रात वाळूत चर किंवा खड्डे खणायचे, तळाच्या ओलीपर्यंत पोहोचायचं, शेणखत घालायचं आणि बी लावायचं. थंड वाऱ्याला गवताचा आडोसा करायचा. वाळू दिवसा तापते, रात्री गार होते. फळ स्वच्छ आणि गोड होतं. या शेतीत नदीकाठच्या गरीब कुटुंबांना जमीन विकत घ्यावी लागत नव्हती. धरणांमुळे पाण्याचं वेळापत्रक बदललं, वाळूचा उपसा झाला आणि अनेक ठिकाणची ही शेती आटली.

आज महाराष्ट्रात खरबूज घेतलं जातं ते प्लॅस्टिकच्या आच्छादनावर, ठिबक सिंचनावर, संकरित बियाण्यापासून. ७० दिवसांच्या आसपास पीक हाती येतं, फळं एकसारखी असतात आणि ट्रकमधून दूर जातात. बाजारात तुम्ही ‘कुंदन’, ‘बॉबी’ अशी नावं ऐकली असतील. यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही. लखनौचं सफेदा कितीही रसाळ असलं, तरी त्याची पातळ साल आणि दोन-तीन दिवसांचं आयुष्य घेऊन तो मुंबई-बंगळुरूला फळं कशी पाठवणार? पण मागणी एकाच चवीची राहिली की बाकीच्या बिया कोणी पेरत नाही. न पेरलेलं बी काही वर्षांत उगवण्याची ताकद गमावतं. दिल्लीतल्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या बीजपेढीत हजारो पिकांचे नमुने थंडीत जपून ठेवलेले आहेत आणि ते अतिशय मोलाचं काम आहे. पण पेढीतलं बी झोपलेलं असतं. शेतातलं बी दरवर्षी नव्या पावसाला, नव्या किडीला सामोरं जात स्वतःला बदलत असतं. दोन्ही हवीत.

खरेदी करताना एवढं पाहा

जाळीदार खरबूज घेताना आधी देठाची जागा पाहा. फळ पिकलं की देठ आपोआप सुटतो आणि तिथे स्वच्छ, गोल खळगा राहतो. देठाचा तुकडा चिकटलेला, ओढून तोडलेला असला तर फळ घाईने काढलेलं आहे. मग दुसऱ्या टोकाचा, म्हणजे फुलाच्या बाजूचा वास घ्या. गोड, मंद सुवास हवा. आंबूस वास म्हणजे फळ उतरलं. जाळीखालच्या सालीचा रंग हिरव्याकडून पिवळसर झालेला असावा. सारख्या आकाराच्या दोन फळांतलं जड फळ घ्या.

हनीड्यू आणि सर्दा यांना हे नियम लावू नका. ते पिकले तरी देठ सोडत नाहीत आणि बाहेरून वासही फार देत नाहीत. तिथे सालीचा रंग दुधाळ किंवा पिवळसर झालाय का आणि फुलाच्या टोकाशी दाबल्यावर किंचित मऊ लागतं का, ते पाहा.

घरी आणल्यावर एक गोष्ट विसरू नका. कापण्याआधी साल वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवा. आपण साल खात नाही म्हणून धुत नाही, पण सुरी सालीतूनच गरात जाते. जाळीच्या खाचांत माती आणि जंतू अडकून राहतात. २०११ मध्ये अमेरिकेत दूषित खरबुजांमुळे लिस्टेरिया या जंतूचा संसर्ग पसरला आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. कापलेलं खरबूज बाहेर ठेवू नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. घरात गर्भवती, वृद्ध किंवा लहान मूल असेल तर कापून उघड्यावर ठेवलेल्या फोडी विकत घेणं टाळा.

पोषणाचं म्हणाल, तर १०० ग्रॅम खरबुजात साधारण ९० ग्रॅम पाणीच असतं. त्यातून ३४ च्या आसपास कॅलरी, भरपूर पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व मिळतं. केशरी गरातून अ जीवनसत्त्वही मिळतं. हिरव्या-पांढऱ्या गरात ते फारच कमी. बिया फेकू नका. धुऊन, वाळवून, सोलून काढलेला मगज ठंडाईत, मिठाईवर, रस्सा दाट करायला उपयोगी पडतो. बाजारातल्या ‘चारमगज’मध्ये एक वाटा खरबुजाच्याच बियांचा असतो.

बी जपायचं असेल तर

बाजारातल्या संकरित खरबुजाचं बी कुंडीत लावून पाहायला हरकत नाही, पण तसंच फळ येईल अशी आशा ठेवू नका. दोन वेगळ्या पालकांचं ते पहिलं अपत्य असतं. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. जपायचं असेल तर गावचं चिबूड, शेंदाड, एखादं जुनं खरबूज जपा. गावी गेलात की विचारा. आजीच्या माळ्यावर, शेजारच्या काकूंच्या राखेच्या डब्यात अजून बिया असतात.

आसपास खरबुजाचे दुसरे प्रकार असतील तर मधमाशी वाण मिसळणार, हे आपण पाहिलंच. त्यावर सोपा उपाय आहे. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी दोन फुलं हेरा. एक नर आणि एक, ज्याच्या मागे इवलंसं फळ दिसतं असं. दोन्ही कळ्यांना दोऱ्याने किंवा पातळ कापडाने अलगद बांधा. सकाळी सोडा, नर फूल तोडून त्याचे पराग दुसऱ्या फुलाच्या मध्यावर लावा आणि ते पुन्हा बांधा. देठाला रंगीत दोरा बांधून खूण करा. ते फळ वेलावरच पूर्ण पिकू द्या. बिया धुऊन सावलीत वाळवा आणि कोरड्या बरणीत वाण, गाव, वर्ष लिहून ठेवा. कोरड्या, थंड जागी त्या काही वर्षं सहज टिकतात. शक्य तर दोन घरी वाटून ठेवा. एकाचं पीक गेलं तर दुसऱ्याकडे बी राहतं.

यासाठी शेत लागत नाही. गच्चीत मोठी कुंडी, सहा-सात तासांचं ऊन आणि वेल चढवायला जाळी एवढं पुरे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला. तुमच्या आसपासच्या बाजारात खरबुजाच्या खटल्यातलं एखादं स्थानिक भावंड नक्की मिळेल. यंदा नेहमीच्या जाळीदार फळाबरोबर तेही एक घरी आणा. पहिल्या घासाला ते कदाचित फिकं लागेल. गूळ घाला, मीठ-मिरची लावा, डाळीत टाका. ज्या फळाला गिऱ्हाईक असतं, तेच शेतकरी पुढच्या वर्षी पेरतो.